उभ्या जीपमधला रेडिओ

ज्या दोन वर्षांत अनसिंगच्या बाजाराच्या मैदानात आभाळातून गाणी उतरायची, ती दोन वर्षं धम्मरत्नला आजही काल-परवाची वाटतात. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. अनसिंग-वाशिम रस्त्यावर त्याची काळीपिवळी जीप दिवसातून चार खेपा करायची, आणि पुसदची सवारी मिळाली तर पाचवीही. रेल्वेची छोटी लाइन उखडून मोठी टाकायचं काम चालू होतं, गाड्या बंद होत्या, त्यामुळे माणसं जीपच्या टपावर बसायलाही तयार असत. उजव्या हाताचं कोपर खिडकीबाहेर ठेवून गाडी चालवायची आणि प्रत्येक सवारीला तिच्या घरच्या खबरीसकट ओळखायचं, ह्या दोन गोष्टींचा त्याला मोठा अभिमान होता.

रस्त्यावर सगळ्या जगाशी बोलणाऱ्या ह्या माणसाचं घरी मात्र बापाशी बोलणं नव्हतं.

बाप म्हणजे भिवाजी. रेल्वेत फाटकवाला होता. वाशिमच्या अलीकडे, शेतांच्या मधोमध, एकाच फाटकावर त्याने सव्वीस वर्षं काढली. गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, हिरवी झेंडी धरून उभं राहायचं, गाडी गेली की फाटक उघडायचं. पोराने रेल्वेत लागावं एवढी एकच इच्छा त्याने आयुष्यात बोलून दाखवली होती. धम्मरत्न भरतीची लेखी परीक्षा पासही झाला. मग धावण्याच्या चाचणीचं पत्र आलं. भिवाजीने ते सगळ्या घराला वाचून दाखवलं, वच्छलाने पहाटे उठून दशम्या बांधून दिल्या, आणि धम्मरत्न घरून निघाला तो अकोल्याला मित्राकडे जाऊन बसला. चाचणी चुकवून दोन दिवसांनी परत आला, आणि घरी कोणी काही विचारलं नाही. महिन्याभराने रेल्वेकडून कागद आला. त्यात नावापुढे 'गैरहजर' लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून भिवाजीने त्याच्याशी बोलणं टाकलं.

चार वर्षं दोघं एका घरात राहिले आणि शेजारी शेजारी बसून जेवले. पण बोलायचं ते सगळं वच्छलाच्या तोंडून.

"त्याले म्हना, टाकीत पानी चढवून ठेव," भिवाजी म्हणायचा, आणि ज्याला म्हणायचं तो हातभर अंतरावर बसलेला असायचा.

"बाबाले सांग, लाइन नाही, मोटर चालत नाही," धम्मरत्न म्हणायचा.

वच्छला सुरुवातीला दोन्हीकडचा निरोप इमानदारीने पोचवायची. पुढे पुढे ती भाकरी थापता थापता नुसती मान हलवू लागली, आणि तिने मान हलवली की निरोप पोचला असं दोघं धरून चालू लागले. घरात धम्मरत्नची बायको रूपा होती, तिसरीत जाणारी लेक धम्मदीपा होती. त्यांनाही ह्या रीतीची सवय होऊन गेली.

भिवाजीकडे फाटकावरच्या दिवसांपासूनचा एक ट्रान्झिस्टर होता. निवृत्त झाल्यावर तो ओसरीतल्या खुर्चीत बसून दिवसभर तो ऐकायचा. पण गावात मोबाइलचे टॉवर झाले, गल्लीत पिठाची गिरणी आली, आणि ट्रान्झिस्टर नुसता भुणभुण करायला लागला. गाणं आत कुठेतरी खोल चालू असायचं आणि वरून गिरणी फिरायची. भिवाजी तरी तो कानाला लावून बसायचा. रूपाला ते पाहवत नसे.

त्याच सुमारास वाशिमला हेमसिंगच्या दुकानात एक नवीन चीज आली. पाटणी चौकाच्या मागच्या गल्लीत हेमसिंगचं टीव्ही आणि डिशच्या छत्र्यांचं दुकान होतं. त्याचा माल स्टँडवरून धम्मरत्नच आणून द्यायचा. एके दिवशी खोकी उतरवून तो घाम पुसत उभा होता, आणि गल्ल्यावरच्या एका लहानशा डब्यातून गाणं सुरू झालं. जुनंच गाणं. पण धम्मरत्न घाम पुसायचं विसरला. त्या गाणाऱ्या बाईने कडव्याच्या आधी श्वास घेतला, तोही त्याला ऐकू आला.

"हा उपग्रहाचा रेडिओ," हेमसिंग म्हणाला. "टॉवर नाही, खरखर नाही. सरळ आभाळातून येते. जुन्या गान्याचं स्टेशन वेगळं, गझलचं वेगळं, मराठी वेगळं. दिवसभर तेच. मधात बातम्या नाही, काही नाही."

डबा घ्यायचा आणि वर्गणी भरायची, असा तो प्रकार होता. वर्गणीतही निवड होती. फक्त हिंदी-मराठी घ्यायचं की सगळी स्टेशनं, सहा महिन्यांची की वर्षाची. धम्मरत्नने तो रंगीत कागद घडी करून खिशात घातला आणि आठवडाभर गाडीत, घरी, जेवताना काढून काढून वाचला.

"घरीच आना," रूपा म्हणाली. "बाबाच्या रेडिओत आता गिरनीच ऐकू येते नुसती."

तिचं बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच ते धम्मरत्नला नकोसं झालं. जो माणूस आपल्याशी बोलत नाही त्याच्या खुर्चीशेजारी आपल्या कमाईचा रेडिओ नेऊन ठेवायचा, हे काही त्याच्या मनाला पटेना. त्याने स्वतःची समजूत घातली की गाडीत गाणी असली की सवारी वाढेल. स्टँडवर सहा जीपा उभ्या असतात, लोक गाणं ऐकून माझ्याच गाडीत बसतील.

शनिवारी तो दुकानात गेला तेव्हा हेमसिंगने सरळ विचारलं, "घरी लावतं का गाडीत? वर्गनी एकाच डब्याची आहे. दोनीकडं पाह्यजे तं दोन घ्या लागतीन."

"गाडीत," धम्मरत्न म्हणाला.

हेमसिंगने डबा खाली ठेवला. "मंग आधीच सांगतो, भाऊ. चालत्या गाडीत वाजनच याची मी गॅरंटी देत नाही. ही जे चपटी अँटिना आहे नं, इचं तोंड उपग्रहाकडंच पाह्यजे. आपल्याकडून थो आग्नेयले आहे. गाडी वळली की गानं गेलं. मी म्हनतो घरी लाव."

"तू गाडीत लाव," धम्मरत्न म्हणाला. सगळी स्टेशनं आणि पूर्ण वर्षाची वर्गणी, असं त्याने सांगून टाकलं.

पुढचे आठ दिवस त्याची स्टँडवर चांगलीच करमणूक झाली. जीप उभी असताना रेडिओ झकास वाजायचा. सवारी बसायची, धम्मरत्न ऐटीत गाडी काढायचा, पहिल्या वळणाला गाणं अर्ध्यात तुटायचं, आणि वाशिम येईपर्यंत डबा मुका. वाशिमला भाजी विकायला रोज त्याच्याच गाडीने जाणारी सोनीबाई टोपली मांडीवर घेऊन म्हणाली, "धम्मा, तुह्या रेडिओले गाडी लागते का रे? हालली की थो गप."

सगळी जीप हसली. धम्मरत्नही हसला, पण मनातून चरफडला. फक्त पुसदकडे जाताना, गावाबाहेर जिथे रस्ता काही वेळ आग्नेयेला सरळ धावतो, तिथे चालत्या गाडीत गाणं यायचं. येताना त्याच रस्त्यावर काही नाही. पुसदहून आलेली सवारी म्हणायची, ह्याचा रेडिओ बिघडलाय, आणि पुसदला जाणारी म्हणायची, काय आवाज आहे.

स्टँडवरही एक अडचण होती. जीपा कडुनिंबाखाली लागायच्या आणि कडुनिंबाची फांदी उपग्रहाच्या आड यायची. म्हणून दुपारी एक ते अडीच, सवारी नसायची त्या वेळात, धम्मरत्न गाडी बाजाराच्या मोकळ्या मैदानात नेऊ लागला. मंगळवार सोडला तर तिथे दोन-चार शेळ्यांशिवाय कोणी नसे. पुसदच्या अंगाला नाक करून गाडी लावायची, दोन्हीकडची दारं उघडी टाकायची आणि ऐकत बसायचं. उन्हाने पत्रा तापायचा. पण गाणं तुटायचं नाही.

एवढ्यात घरी वच्छलाचे गुडघे दुखायला लागले. तोवर धम्मरत्न सकाळीच जेवणाचा डबा घेऊन निघायचा. आता वच्छला म्हणू लागली की सकाळची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, दुपारी गरम डबा पाठवीन, पण मला चालवत नाही आणि रूपाला कपडे धुवायचे आहेत. मग उरलं कोण, तर भिवाजी. दोन दिवस त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी टोपी घालून, डबा घेऊन निघाला.

त्या दुपारी डोळे मिटून बसलेल्या धम्मरत्नला शेजारच्या सीटवर डबा ठेवल्याचा आवाज आला. त्याने डोळे उघडले तर बाप पाठमोरा, परत निघालेला. रेडिओवर एक गझल चालू होती. चार पावलं गेला असेल, आणि भिवाजी थांबला. वळला नाही. शेळ्यांकडे पाहत, हात मागे बांधून, उन्हात तसाच उभा राहिला. गझल संपली तेव्हा गेला.

दुसऱ्या दिवशी तो डबा ठेवून जीपच्या सावलीत उभा राहिला. तिसऱ्या दिवशी मागच्या दारातून चढून सवारीच्या बाकावर बसला, पाय आखडून, तिकीट काढलेल्या माणसासारखा. धम्मरत्न पुढे बसून भाकरी खायचा, भिवाजी मागे बसून ऐकायचा, आणि अडीच वाजता दोघं आपापल्या वाटेने जायचे. घरी गेल्यावर दोघांनीही ह्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. वच्छलानेही विचारलं नाही.

असे दोन आठवडे गेले. एका दुपारी गाणं सारखं अडखळू लागलं. धम्मरत्नने काचेमागची अँटिना हलवली, वर केली, खाली केली. डब्यावरच्या सिग्नलच्या काड्या चढायच्या आणि पडायच्या. भिवाजी मागून पाहत होता. त्याच्या तोंडात शब्द आलाच होता, "त्याले म्हना..." एवढं म्हणून तो थबकला. इकडे तिकडे पाहिलं. गाडीत म्हणायला कोणी नव्हतं. वच्छला घरी होती.

मग भिवाजी पुढच्या काचेकडे बोट करून, जणू त्या काचेलाच सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "गाडी वाकडी लागली. आग्नेय इकडं नाही. थो बोराच्या झाडाकडं आहे. सव्वीस वर्षं सूर्य पाह्यला मी, मले दिशा कळते."

धम्मरत्नने गाडी चालू केली, नाक बोरीच्या झाडाकडे फिरवलं. काड्या सगळ्या भरल्या. गाणं स्वच्छ लागलं.

"आता?" त्याने विचारलं.

"आता बराबर आहे," भिवाजी म्हणाला.

चार वर्षांनी बाप-लेकांचं बोलणं झालं ते एवढंच. पुढच्या सोमवारी भिवाजी पुढच्या सीटवर येऊन बसला.

त्यानंतरच्या साऱ्या दुपारी धम्मरत्नला आजही आठवतात त्या एकेक करून नाही, एकच मोठी लांबलचक दुपार असल्यासारख्या. तापलेल्या रेक्झिनचा वास, डब्यातली मिरचीची भाजी, आणि शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसलेला बाप. भिवाजी कधी स्टेशन बदलायला सांगायचा. एकदा कुठल्या तरी दूरच्या देशातलं, अजिबात न कळणाऱ्या भाषेतलं स्टेशन लागलं. ते त्याने तासभर लावून ठेवलं. "कळत काही नाही," तो म्हणाला, "पन मानूस भल्याचं सांगून राह्यला, एवढं कळते." पण त्याची खरी आवड म्हणजे संथ, दुःखाची गाणी. जितकं गाणं रडवं तितका तो खूश. अमुक गाणं पहिल्यांदा कुठल्या साली, कुठल्या गाडीच्या वेळेला फाटकावर ऐकलं, ते तो सांगायचा. गाण्यामागून गाडी यायची आणि गाडीमागून माणसं. संध्याकाळच्या पॅसेंजरचा एक ड्रायव्हर होता. तो वाचून झालेलं वर्तमानपत्र गुंडाळी करून फाटकाजवळ त्याच्यासाठी टाकायचा. नऊ वर्षं टाकलं. एक दिवस बंद झालं. "नाव इचारायचं राहून गेलं," भिवाजी म्हणाला. "गाडी थांबतच नोहती नं तिथं."

धम्मरत्न ऐकत राहायचा. हे सगळं आपल्या घरात इतकी वर्षं होतं आणि आपल्याला माहीत नव्हतं, असं त्याला वाटायचं.

वर्ष सरलं. वर्गणी संपत आल्याचा निरोप हेमसिंगने पाठवला. तेव्हा धम्मरत्न बापालाच सोबत घेऊन वाशिमला गेला. हेमसिंग म्हणाला, "आता तरी घरी लाव. अँटिनाचा स्टँड बदलून छतावर बसवून देतो, पावसापान्याची फिकीर नाही."

धम्मरत्नलाही ते पटलं होतं. बाप सत्तरीकडे निघाला होता, उन्हात किती दिवस बसवायचा त्याला? "बाबा, घरी लावू?" त्याने विचारलं. "मायलेबी ऐकता येईन."

भिवाजी नुसता म्हणाला, "तिले इचार."

संध्याकाळी घरी विषय निघाला. वच्छला तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "मले नाही पाह्यजे घरी."

"काहून?" रूपाने विचारलं. आधी सगळ्यात जास्त मागे लागली होती तीच.

"घरी आनला की हे दोघं ह्या कोपऱ्यात अन् त्या कोपऱ्यात बसतीन," वच्छला म्हणाली. "अन् मंग 'त्याले म्हना आवाज कमी कर', 'बाबाले सांग स्टेशन बदल', हे सगळं मलेच करा लागीन. चार वर्षं केलं मी. आता माह्यानं होत नाही. राहू द्या थो तिकडंच."

भिवाजीने खाकरून घसा साफ केला आणि उगाच बाहेर जाऊन आला. वर्गणी पुन्हा वर्षाची भरली, आणि डबा जीपमध्येच राहिला. त्या रात्री धम्मरत्नच्या मनात एकच गोष्ट राहिली, की आपल्या आईने आपल्यासाठी रेडिओवर पाणी सोडलं. पुढे कितीतरी वर्षं तो हे ज्याला त्याला सांगायचा आणि सांगताना त्याचा गळा भरून यायचा.

दुसरं वर्ष संपायच्या आत बातमी आली की कंपनीच हिंदुस्थानातलं काम बंद करते आहे. डिसेंबरच्या अखेरीला सगळं बंद. हेमसिंगने दुकानावर तसा कागदच लावला होता.

एकतीस तारखेला धम्मरत्नने पुसदची खेप दुसऱ्याला देऊन टाकली आणि बारा वाजताच गाडी मैदानात आणून लावली. भिवाजी डबा घेऊन आला. हवेत गारठा होता, ऊन हवंहवंसं वाटत होतं. गझलच्या स्टेशनवर गाण्यांच्या मधे निवेदक श्रोत्यांचे आभार मानत होता. त्याचा आवाज जड झाला होता.

दोन गाणी झाल्यावर भिवाजीने विचारलं, "त्या येळी गेला काहून नाहीस?"

कुठल्या वेळी, हे धम्मरत्नने विचारलं नाही. त्याने हातातला घास डब्यात ठेवला.

"मी लहान होतो तेव्हा तुमचा डबा घेऊन फाटकावर येत होतो," तो म्हणाला. "माय पाठवे. तुमी तिथं एकटेच बसलेले राह्यत. चारीकडं वावरं, मानूस नाही. बारा बारा तास. मी परत निघालो की तुमी लाइनीवर उभं राहून पाहत राह्यत, मी वळनावर दिसेनासा होईपर्यंत. त्या पत्रावर फाटकवाल्याचीबी पोस्ट होती, बाबा. मले भेव वाटलं. मले मानसं लागतात."

भिवाजीने रेडिओचा आवाज थोडा कमी केला.

"एकटा नोहतो मी," तो म्हणाला. "रेडिओ होता."

मग म्हणाला, "हे सांगाचं नाही का तवाच?"

"तुमी इचारलं नाही."

"हं," भिवाजी म्हणाला. "नाही इचारलं." आणि त्याने डब्यातली अर्धी भाकरी तोडून लेकापुढे धरली. "खाय. भाकर थंडी झाली."

दोन जानेवारीला धम्मरत्न सवयीने मैदानात गेला. डबा चालू केला तर काड्या नाहीत, आवाज नाही. थोड्या वेळाने भिवाजी टोपी घालून, जेवण घेऊन आला. पुढच्या सीटवर बसला. रेडिओचं त्याने नाव काढलं नाही. मागच्या संध्याकाळी गल्लीत कोणाची म्हैस कुठे शिरली ते सांगू लागला. जीप विकेपर्यंत, म्हणजे आणखी सहा वर्षं, तो रोज दुपारी येत होता. जीप गेली आणि धम्मरत्न शाळेची बस चालवायला लागला, तेव्हा दोघं ओसरीतच बसू लागले, एकाच कोपऱ्यात. करोनाच्या आदल्या वर्षी भिवाजी गेला. थंडीच्या दिवसांत, दोन दिवसांच्या तापाने.

ह्या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा तिसरीत जाणारी धम्मदीपा आता वाशिमला बँकेत आहे. गेल्या दिवाळीनंतर तिने पांढरी गाडी घेतली. गाडीसोबत गाण्यांची सेवा तीन महिने फुकट होती. आता उपग्रहाची गरज नाही, इंटरनेटवरून येतं, वळणावर तुटत नाही. तीन महिने संपले तसा तिच्या मोबाइलच्या पडद्यावर प्रश्न आला. रविवारी सगळे ओसरीत बसले असताना तिने तो वाचून दाखवला.

"पप्पा, एक गाडीचा प्लॅन आहे, एक घरचा. घरचा घेतला तर गाडीसोबत मिळालेला हा लहानसा स्पीकर घरी चालते. दोन्ही सोबत घेणं महाग पडते. कोणता घेऊ?"

"गाडीचा," धम्मरत्न लगेच म्हणाला. "आपल्या घरात रेडिओ गाडीतच असते." आणि त्याने सुरू केलं, उपग्रह, मैदान, बोरीचं झाड, आणि माय कशी तांदूळ निवडता निवडता नाही म्हणाली ते. धम्मदीपाने हे दहा वेळा ऐकलं होतं. तरी ती ऐकत राहिली. धम्मरत्नचे डोळे पाणावले. "तुह्या आजीनं त्या दिवशी आपली हौस मारली," तो म्हणाला.

वच्छला भिंतीला टेकून बसली होती. ऐंशीला टेकली असली तरी कान शाबूत होते.

"कायची हौस?" ती म्हणाली.

"रेडिओची, माय. तुलेबी ऐकाचं असनच नं."

"मले थे रडगानं घरात नकोच होतं," वच्छला म्हणाली. "तुह्या बापाले सारी रडकी गानी आवडत. दिवसभर कोनी ना कोनी मरून राह्यलं, नाहीतर सोडून चाललं. ट्रान्झिस्टरवर ऐकून ऐकून माहा जीव विटला होता. तुमी दोघं तिकडं उन्हात बसून रडले, मी इकडं सुखानं चहा पेली."

रूपा तोंडाला पदर लावून हसू लागली. धम्मरत्नला हसावं की काय करावं कळेना. इतक्या वर्षांची त्याची भरल्या गळ्याची गोष्ट एका वाक्यात वाकडी झाली होती.

"मंग तू जे बोलली थे?" त्याने विचारलं. "निरोप सांगा लागतीन म्हनून?"

"थेबी खरंच होतं," वच्छला शांतपणे म्हणाली. "दोनी खरं होतं."

धम्मदीपा आजीजवळ सरकली. "मग आजी, तुला काय आवडते?"

वच्छला तिच्याकडे पाहत राहिली. प्रश्न समजला नसावा असं वाटून धम्मदीपाने पुन्हा विचारला.

"कव्वाली," वच्छला म्हणाली.

"कव्वाली?" धम्मरत्न म्हणाला. "माय, हे तं मले माहीतच नोहतं."

"तुले कोनं सांगाचं?" ती म्हणाली. "मी तं साऱ्यांचंच सांगत होती."

ते तिने काही लावून म्हटलं नव्हतं. सरळ सांगितलं होतं. तरी ते धम्मरत्नला लागलं. धम्मदीपाने पडद्यावर घरचा प्लॅन दाबला, आणि पाच मिनिटांत तो वाटीएवढा स्पीकर ओसरीत बोलू लागला. ढोलक वाजली, टाळ्या पडल्या, पेटी चढली. वच्छलाचा हात मांडीवर ठेका धरू लागला. आधी हळू, मग चांगला जोरात. शेजारची गोजराबाई दारातून डोकावली, काय चाललंय म्हणून, तिला वच्छलाने हाताला धरून खाली बसवलं. दोघी मिळून टाळ्या वाजवायला लागल्या, आणि समेवर दोघींची टाळी अचूक एकत्र पडत होती.

कव्वाली संपल्यावर वच्छला म्हणाली, "माह्या माहेरी, धनजले, जयंतीले सामना होये. दोन पार्ट्या येत. एक बाईची, एक मानसाची. सवाल-जवाब चाले. मी पाचवीत होती, मले अर्धे सवाल पाठ होते."

"आता आठवतात?" धम्मदीपाने विचारलं.

"काही काही."

पुढच्या रविवारी ते चौघं धनजला निघाले. काम असं काही नव्हतं. गाडी धम्मदीपा चालवत होती, वच्छला तिच्या शेजारी पुढे बसली होती, धम्मरत्न आणि रूपा मागे. गाडीच्या पडद्यावर वर्गणी संपल्याची पाटी दिसत होती, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. वाशिम सोडल्यावर वच्छलाने पहिला सवाल म्हणून दाखवला, आणि मग तो म्हणणारी बाई कशी होती, तिचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं, हरलेल्या पार्टीला आपल्या बापाने घरी जेवायला कसं बोलावलं, हे सगळं ती सांगू लागली. मंगरूळपीर मागे पडलं, कारंजा आलं, तरी ती बोलतच होती. धम्मरत्न पुढच्या सीटवर हात टेकून, पुढे वाकून, ऐकत बसला होता.